मंडळी कोणाची, बिशप कशासाठी?

१. प्रश्न कुठून येतो

अमेरिकेच्या मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटा या राज्यांत मैलोन् मैल मका आणि गव्हाची शेते आहेत. त्यांच्या मधोमध एखादे पांढरे लाकडी चर्च उभे असते आणि त्याला लागून दफनभूमी असते. नॉर्वे, स्वीडन, जर्मनीहून आलेल्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला अशी शेकडो लुथरन चर्चे बांधली. आज त्यांतल्या अनेकांत रविवारच्या उपासनेला वीस-पंचवीस माणसे येतात, बहुतेक साठीच्या पुढची. पूर्णवेळ पाळक नाही आणि छप्पर दुरुस्तीला आलेले आहे. हे कळले की आपल्याकडचा वाचक हटकून विचारतो, यांच्या वर बिशप असतात ना? मग ते काय करतात? दोन चर्चे एकत्र का करत नाहीत, एखादा पाळक तिकडे का धाडत नाहीत?

हा प्रश्न स्वाभाविक आहे, कारण बिशप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वसईतला किंवा गोव्यातला कॅथलिक बिशप येतो. त्याची नेमणूक पोपकडून होते, धर्मगुरूंच्या बदल्या तो करतो आणि कोणता धर्मगुरू कोणत्या चर्चमध्ये जाणार हे त्याच्या कार्यालयात ठरते. लुथरन बिशपचा झगा आणि गळ्यातला क्रूस जवळपास तसाच दिसतो. अधिकाराची रचना मात्र पार वेगळी असते. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या लुथरन संघटनेत, म्हणजे इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिकामध्ये, बिशपला कोणत्याही मंडळीवर, म्हणजे एका चर्चच्या सभासदसमूहावर, पाळक लादता येत नाही, चालती मंडळी मनाला येईल तेव्हा बंद करता येत नाही आणि तिची इमारतही विकता येत नाही. एवढे सगळे हाताबाहेर असेल तर हे पद ठेवायचेच कशाला? या प्रकरणात त्याचेच उत्तर शोधायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की या पदाचे खरे काम मंडळी सुरळीत चालत असताना फारसे दिसत नाही. ते अडल्या वेळी दिसते, आणि सध्या अडल्या वेळाच जास्त आहेत.

२. मालकी कोणाची

आधी रचना समजून घेऊ. ही संघटना १ जानेवारी १९८८ रोजी तीन जुन्या लुथरन संघटनांच्या एकत्रीकरणातून कामाला लागली. तिचे मुख्यालय शिकागोत आहे. देशभर तिचे ६५ प्रादेशिक विभाग पाडले गेले. प्रत्येक विभागाला सिनड म्हणतात आणि प्रत्येक सिनडचा एक बिशप असतो. एकट्या मिनेसोटात सहा सिनड आहेत, नॉर्थ डाकोटात दोन. आज देशभरच्या मंडळ्या साडेआठ हजारांच्या आसपास धरल्या, तर एका सिनडच्या वाट्याला सरासरी १३० मंडळ्या येतात. एक बिशप, हाताखाली मोजकी माणसे आणि शेकडो मैलांवर पसरलेल्या १३० मंडळ्या.

मंडळी आणि सिनड यांचे नाते मराठी वाचकाला सहकारी गृहनिर्माण संस्थेवरून लवकर समजेल. सोसायटीत सर्वोच्च अधिकार सर्वसाधारण सभेचा असतो, रोजचा कारभार कमिटी बघते, सगळे उपविधींना बांधलेले असतात, आणि जिल्ह्याचे फेडरेशन सल्ला देते, प्रशिक्षण देते, नमुना कागदपत्रे पुरवते. फेडरेशनचा अध्यक्ष येऊन तुमच्या सोसायटीचा वॉचमन बदलू शकत नाही. लुथरन मंडळीही अशीच चालते. सभासदांची सभा सर्वोच्च असते, तिने निवडलेले कार्यकारी मंडळ कारभार बघते, आणि इमारत व जमीन मंडळीच्या नावावर असते. पाळक हवा असेल तर मंडळी स्वतः त्याला पाचारण करते. त्यासाठी सभेत गुप्त मतदान होते आणि दोन तृतीयांश मते लागतात. बिशप उमेदवारांची नावे सुचवतो, पाचारणाच्या पत्रावर साक्षीची सही करतो, पण निवड करत नाही.

पण हे साम्य एका ठिकाणी अपुरे पडते. फेडरेशनशी सोसायटीचे नाते व्यवहाराचे असते. मंडळी आणि सिनड मात्र एकाच श्रद्धेने बांधलेली असतात. रविवारच्या दानार्पणातला काही भाग मंडळी सिनडला पाठवते, सिनड त्यातला मोठा वाटा शिकागोला पाठवते, आणि त्यातून परदेशी सेवाकार्य, नव्या मंडळ्या, पाळकांचे शिक्षण चालते. ही रक्कम कराप्रमाणे सक्तीने वसूल होत नाही, मंडळी ती आपण होऊन देते. म्हणजे बिशपचे कार्यालय ज्या पैशावर चालते, तो पैसा ज्यांच्यावर त्याची हुकमत नाही त्यांच्याच मर्जीतून येतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

३. दोन मुळे, पाच वर्षांच्या अंतराने

ही रचना अमेरिकेच्या लोकशाही वातावरणातून आली असे पुष्कळांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. मूळ शोधायचे तर १५२३ सालच्या सॅक्सनीत जावे लागते. लाइसनिग नावाच्या लहान गावातल्या लोकांना स्वतःचा पाळक निवडायचा होता, पण नेमणुकीचा हक्क जवळच्या मठाच्या प्रमुखाकडे होता. गावकऱ्यांनी मार्टिन लुथरचा सल्ला घेतला. लुथरने त्यांच्या बाजूने एक पुस्तिका लिहिली आणि मांडले की शिकवण पारखण्याचा, शिक्षक बोलावण्याचा, नेमण्याचा आणि काढण्याचाही अधिकार ख्रिस्ती मंडळीला आहे. त्याच गावाने सामाईक पेटीची व्यवस्था केली. चर्चचे सगळे उत्पन्न एका पेटीत जमा व्हायचे आणि त्यातून पाळकाचे वेतन, शाळा व गोरगरिबांचा खर्च भागायचा. आज नॉर्थ डाकोटातली मंडळी पाळकासाठी मतदान घेते, तेव्हा ती याच वाटेने चाललेली असते.

पण गोष्ट इथे थांबत नाही, आणि मंडळीच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाणारे नेमके इथेच थांबतात. चार-पाच वर्षांतच सॅक्सनीत दुसरे चित्र समोर आले. १५२७-२८ मध्ये राज्यकर्त्याच्या आदेशाने लुथर, मेलान्क्थोन आणि त्यांचे सहकारी गावोगाव पाहणीसाठी फिरले. अनेक ठिकाणी लोकांना साधी प्रभूची प्रार्थना येत नव्हती, काही पाळकांनाही शिकवता येत नव्हते, आणि वेतन थकलेले होते. लुथरची १५२९ सालची दोन प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाची पुस्तके या अनुभवातून लिहिली गेली. पाहणी नियमित चालावी म्हणून प्रादेशिक देखरेख करणारे अधिकारी नेमले गेले. लुथरन जगातला प्रादेशिक नेता असा जन्माला आला. त्याच्या पदाच्या मुळाशी गावोगावी भेट देण्याचे काम होते.

१५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीनाम्याने यावर तात्त्विक शिक्का मारला. शुभवर्तमानाची शुद्ध शिकवण आणि संस्कारांचे योग्य पालन यांवर एकमत असले, की चर्चच्या एकतेसाठी तेवढे पुरेसे आहे. रूढी आणि व्यवस्था सगळीकडे सारख्या असण्याची गरज नाही. म्हणूनच लुथरन देशांत प्रादेशिक नेतृत्वाचे इतके वेगवेगळे आकार दिसतात. स्वीडनने जुनी बिशपपरंपरा अखंड ठेवली. डेन्मार्कमध्ये १५३७ साली लुथरचा सहकारी बुगेनहागेन याने सात नवे अधिकारी अभिषिक्त केले. जर्मनीत राज्यकर्तेच चर्चचे प्रमुख बनले आणि ती व्यवस्था १९१८ पर्यंत टिकली.

अमेरिकेत लुथरनांना ना असा राज्यकर्ता होता ना बिशप. जर्मनीतल्या हाल्ले येथील धर्मसंस्थेने पाठवलेला हेन्री मेल्कियोर म्यूलेनबर्ग १७४२ साली पेनसिल्व्हेनियात पोहोचला. तिथे विस्कळीत मंडळ्या होत्या आणि पाळक म्हणवून घेणारे काही भोंदूही होते. १७४८ मध्ये त्याने पाळक आणि मंडळ्यांच्या प्रतिनिधींना एकत्र बसवले आणि तिथून अमेरिकी सिनडची परंपरा सुरू झाली. हाल्लेचे हेच वर्तुळ आपल्याकडे तरंगंबाडीच्या मिशनमागेही होते. त्या परंपरेतला मिशनरी श्वार्ट्झ तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात वावरला, सरफोजी राजे दुसरे यांचा तो पालक आणि शिक्षक होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर सरफोजींनी त्याचे संगमरवरी स्मारक करून घेतले. पेनसिल्व्हेनियाचा शेतकरी आणि तंजावरचा मराठा राजा या दोघांच्या आयुष्याला एकाच जर्मन शहराने स्पर्श करावा, हे मला फार विलक्षण वाटते.

४. बिशप निवडतात कसा

बिशपचा कार्यकाळ सहा वर्षांचा असतो आणि तो पुन्हा निवडून येऊ शकतो. निवड सिनडच्या सभेत होते. त्या सभेत किमान ६० टक्के प्रतिनिधी पाळक नसलेले साधे सभासद असावे लागतात आणि त्यांत स्त्री-पुरुष शक्यतो निम्मे-निम्मे असावेत असा नियम आहे. शेतकरी, निवृत्त शिक्षिका, परिचारिका, महाविद्यालयात जाणारी मुले असे हे मतदार.

मतदानाची पद्धत पाहण्यासारखी आहे. सर्वसाधारण नियमानुसार पहिल्या फेरीत उमेदवारांची यादीच नसते. प्रत्येक जण कोऱ्या मतपत्रिकेवर या चर्चच्या कोणत्याही पाळकाचे नाव लिहितो. कोणाला तीन चतुर्थांश मते मिळाली तर तो तिथेच निवडून येतो, पण असे क्वचितच घडते. दुसऱ्या फेरीतही तीन चतुर्थांश मते लागतात. तिसऱ्या फेरीत सर्वाधिक मतांची सात नावे उरतात आणि दोन तृतीयांश मते पुरतात, चौथीत तीन नावे आणि ६० टक्के, पाचवीत दोन नावे आणि साधे बहुमत. फेऱ्यांच्या मध्ये प्रार्थना होते, उमेदवार बोलतात, प्रश्नांना उत्तरे देतात. प्रचार करणे अशोभनीय मानले जाते. काही सिनडांनी या पद्धतीत थोडेफार बदलही केले आहेत. १९९२ साली विस्कॉन्सिनच्या ला क्रॉस विभागाने एप्रिल उलरिंग लार्सन यांना याच वाटेने निवडले. त्या अमेरिकेतल्या पहिल्या लुथरन स्त्री-बिशप. त्याच वर्षी जर्मनीत मारिया येप्सेन हॅम्बुर्गच्या बिशप झाल्या, जगातल्या पहिल्या लुथरन स्त्री-बिशप त्याच. अमेरिकेत लुथरन स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळू लागली १९७० मध्ये. म्हणजे मधे अवघी बावीस वर्षे गेली.

५. ओहोटीचे कारण

आता आकड्यांकडे वळू. स्थापनेच्या वेळी या चर्चची बाप्तिस्मा घेतलेली सभासदसंख्या ५२ लाखांच्या वर होती. २०२२ पर्यंत ती ३० लाखांच्या खाली आली. मंडळ्या ११ हजारांहून अधिक होत्या, त्या साडेआठ हजारांच्या आसपास उरल्या. या ओहोटीचे खापर बहुधा नेतृत्वावर फुटते. टीकाकार २००९ च्या मिनियापोलिस अधिवेशनाकडे बोट दाखवतात. तिथे मानवी लैंगिकतेवरचे निवेदन ६७६ विरुद्ध ३३८ मतांनी, म्हणजे नेमक्या दोन तृतीयांश मतांनी मंजूर झाले, आणि समलिंगी जोडीदाराबरोबर निष्ठेने राहणाऱ्यांना पाळक होण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर शेकडो मंडळ्या बाहेर पडल्या आणि २०१० मध्ये वेगळी संघटनाही निघाली. म्हणून आक्षेप असा, की नेते काळाच्या मागे धावले आणि लोक सोडून गेले.

आक्षेपात तथ्य आहे. त्या वर्षांतली गळती खरीच मोठी होती, आणि ज्या गावात मंडळी दुभंगली तिथल्या नात्यांच्या जखमा अजून भरलेल्या नाहीत. पण एकूण ओहोटीचे कारण म्हणून ते टिकत नाही. मिझुरी सिनड नावाची दुसरी मोठी लुथरन संघटना घ्या. ती सनातनी वळणाची आहे, स्त्रियांना पाळकपद देत नाही, २००९ सारखा कोणताही ठराव तिने केलेला नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिची सभासदसंख्या २८ लाखांच्या घरात होती, आता ती १८ लाखांच्या खाली आहे. ठराव उलट आणि उतार तोच, तर मूळ कारण ठरावात नाही. तिसरे उदाहरण स्वीडनचे. २००० साली तिथले चर्च राज्यापासून वेगळे झाले, तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक लोक त्याचे सभासद होते. आता निम्म्याच्या जरा वर उरले आहेत.

मग कारण काय? एक भाग श्रद्धेच्या सवयी बदलण्याचा आहे. मुले आईवडिलांचे चर्च पुढे चालवत नाहीत, हे पाश्चात्त्य जगात सगळीकडे दिसते. दुसरा भाग शेतीचा आहे, आणि त्याकडे धर्मावर लिहिणारे फारसे बघत नाहीत. नॉर्थ डाकोटाची लोकसंख्या १९३० च्या जनगणनेत ६,८०,८४५ होती. २०१० मध्ये, ऐंशी वर्षांनी, ती ६,७२,५९१ भरली. या काळात अमेरिकेची लोकसंख्या दुपटीहून अधिक झाली होती. राज्याच्या आतही लोक फार्गोसारख्या शहरांकडे सरकले. ट्रॅक्टर मोठे झाले, शेते एकमेकांत विलीन झाली, जिथे दहा कुटुंबे राबत होती तिथे दोन पुरू लागली. शाळा बंद झाली, किराणा दुकान गेले, टपालघर गेले. चर्च तेवढे उरले. ते घोडागाडीच्या अंतराने बांधलेले होते, म्हणून एका परिसरात चार-चार चर्चे. ही चर्चे रिकामी होण्याचा दोष कोणत्याही ठरावाला देता येणार नाही, आणि ती भरण्याची अपेक्षा कोणत्याही बिशपकडून करता येणार नाही.

६. मधला काळ

म्हणजे बिशप निरुपयोगी का? एक छोटे गणित मांडू. आकडे उदाहरणापुरते कल्पिलेले आहेत. एका मंडळीत २५ कुटुंबे आहेत आणि प्रत्येक कुटुंब वर्षाला सरासरी २,४०० डॉलर देते. एकूण ६०,००० झाले. इमारतीचा विमा, हिवाळ्यातले इंधन आणि दुरुस्ती यांत १८,००० जातात, सिनड आणि सेवाकार्यासाठी ४,०००. उरले ३८,०००. पूर्णवेळ पाळकाचे वेतन, निवास, आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन मिळून ८५,००० धरले, तर निम्मीही रक्कम जमत नाही. शेजारची तशीच मंडळी सोबत घेतली तर ७६,००० होतात, तरी ९,००० कमीच. तीन मंडळ्या एकत्र आल्या की १,१४,००० होतात आणि पाळकाचा खर्च भागून प्रवासाला वगैरे २९,००० हाती राहतात. पाळक रविवारी एकीकडे साडेआठला उपासना घेतो, दुसरीकडे दहाला, तिसरीकडे साडेअकराला.

कागदावर हे सोपे आहे. पण तीन मंडळ्यांना एका टेबलाभोवती बसवणार कोण? प्रत्येक मंडळी स्वतंत्र आहे, कोणीच कोणाला बोलावू शकत नाही, आणि जी पहिली बोलावेल तिला वाटते की आपण कमकुवत असल्याची कबुली दिली. शिवाय जुने हिशेब असतात. एक चर्च नॉर्वेजियन शेतकऱ्यांचे, दुसरे जर्मनांचे, तिसरे शंभर वर्षांपूर्वी पहिल्यातून भांडून फुटलेले. सोयीची वेळ कोणी सोडायची यावरून महिनोन् महिने बोलणी अडतात. इथे बिशपचे कार्यालय उपयोगी पडते, कारण त्याला यांतल्या कोणाचीही इमारत नको असते. ते तिघांना बोलावते, हिशेब समोर ठेवते, मधल्या काळासाठी तात्पुरता पाळक देते, करारनाम्याचा नमुना देते. गरज असेल तर लुथरन चौकटीबाहेरही बघता येते. १९९७ पासून प्रेस्बिटेरियनांशी, १९९९ च्या ठरावाने एपिस्कोपल चर्चशी आणि २००९ पासून मेथडिस्टांशी पूर्ण सहभागितेचे करार आहेत, त्यामुळे एकमेकांचे पाळक एकमेकांच्या मंडळीत सेवा करू शकतात. गावात एक लुथरन आणि एक मेथडिस्ट चर्च असेल आणि दोघांना मिळून एकच पाळक परवडत असेल, तर ती वाट या करारांनी उघडली. शब्द टाकायला मात्र मधे कोणीतरी लागते.

पाळक मिळत नसेल तर सिनडने अधिकृत केलेल्या सेवकाचा पर्याय आहे. मंडळीतलीच एखादी व्यक्ती प्रशिक्षण घेते आणि बिशप तिला ठरावीक ठिकाणी, ठरावीक मुदतीसाठी प्रवचन करण्याची आणि प्रभुभोजन देण्याची परवानगी देतो. यावर काही पाळकांची हरकत आहे. रीतसर पाचारणाशिवाय कोणी जाहीर शिकवू नये आणि संस्कार देऊ नयेत, असे ऑग्सबर्ग कबुलीनामा सांगतो. मग हे कसे चालते? हरकत गंभीर आहे. मला वाटते तिचे उत्तर मुदत आणि जागा या दोन शब्दांत आहे. मंडळीची गरज, बिशपची तपासणी आणि लेखी मर्यादा या तिन्ही गोष्टी असतील, तर ते रीतसर पाचारणच आहे. मर्यादा विसरून तात्पुरता उपाय कायमचा झाला आणि प्रशिक्षण नावापुरते उरले, तर मात्र हरकत घेणारे बरोबर ठरतील.

हा मधला काळ किती नाजूक असतो, याचे कठोर उदाहरण कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन शहरात घडले. १२ डिसेंबर २०२१ रोजी तिथल्या स्पॅनिशभाषक लुथरन मंडळीत ग्वादालुपे मातेचा सण होता. लॅटिनो मंडळीसाठी वर्षातला हा मोठा दिवस. नेमक्या त्या दिवशी त्यांच्या पाळकाला सिनडने दूर केल्याचे लोकांना कळले. निर्णयामागे तक्रारी होत्या, पण दिवस, पद्धत आणि लोकांशी न झालेला संवाद यांमुळे मंडळी दुखावली आणि सिनड सोडून गेली. पुढे चौकशी झाली, संबंधित बिशपना जून २०२२ मध्ये राजीनामा द्यावा लागला, आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय अधिवेशनात संपूर्ण संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्ष बिशप एलिझाबेथ ईटन यांनी मंडळीची जाहीर माफी मागितली. तक्रारीची दखल घेणे हे सिनडचे कामच आहे. पण मंडळीला विश्वासात न घेता वापरलेल्या अधिकाराने मंडळी आणि बिशप दोघेही गमावले.

७. रविवारच्या पलीकडची मंडळी

हिशेबाची ही बाजू मांडताना मंडळी म्हणजे उपासनेला आलेली डोकी, असा समज होऊ नये. गुरुवारी सकाळी चर्चच्या तळघरात जा. लांब टेबलांवर जुन्या चादरी, पडदे, कपड्यांचे चौकोन पसरलेले असतात. साताठ बायका ते जोडून गोधड्या करत असतात. माप ठरलेले आहे, ६० इंच बाय ८० इंच. वरचा थर, मधला उबदार थर आणि अस्तर एकावर एक ठेवून जाड दोऱ्याने काही इंचांवर गाठी मारतात, म्हणजे धुतल्यावर थर सरकत नाहीत. कॉफीचे मोठे भांडे बाजूला उकळत असते. या गोधड्या १९४५ साली स्थापन झालेल्या लुथरन वर्ल्ड रिलीफमार्फत निर्वासित छावण्यांत आणि आपत्तीग्रस्त भागांत जातात. देशभरच्या मंडळ्यांतून दरवर्षी लाखांच्या संख्येने त्या तयार होतात. ज्या मंडळीत रविवारी पंचवीस माणसे येतात, तिच्या तळघरातून वर्षाला शंभर-दीडशे गोधड्या निघत असतील, तर तिला मरणपंथाला लागलेली म्हणणे मला पटत नाही.

महासाथीने मंडळीजीवनाची आणखी एक परीक्षा घेतली. मार्च २०२० मध्ये चर्चे बंद झाली आणि उपासना पडद्यावर आली. घरी बसून भाकर आणि द्राक्षरस घेतला तर ते प्रभुभोजन होईल का? अध्यक्ष बिशपांनी सुरुवातीला सल्ला दिला की घाई करू नका, हा काळ उपवासाचा माना. पण तो सल्लाच होता, हुकूम नव्हता. काही सिनडांच्या बिशपांनी तो उचलून धरला, काहींनी पुढे परवानगीचा मार्ग काढला, अनेक मंडळ्यांनी आपापले ठरवले. एकवाक्यता राहिली नाही याचे काहींना वाईट वाटले. मला त्यात १५३० चा कबुलीनामा अजून जिवंत असल्याचे दिसते.

८. दोन उलटे आक्षेप

इथे दोन परस्परविरोधी सूचना पुढे येतात. पहिली अशी, की हा मधला टप्पाच काढून टाका. पैसा मंडळीतच ठेवा, गरज पडली तर मंडळ्या आपसात बघून घेतील. शहरातल्या हजार सभासदांच्या मंडळीला हे परवडेल, तिच्याकडे वकील आहेत, हिशेबनीस आहेत. अडचण पंचवीस कुटुंबांच्या मंडळीची होते. नव्या पाळकाची पार्श्वभूमी तपासायची कोणी? पाळकाविरुद्ध तक्रार असेल तर ती त्याच्याच अध्यक्षतेखालच्या सभेत मांडायची का? म्यूलेनबर्गला पेनसिल्व्हेनियात भोंदू पाळक भेटले ते याच पोकळीमुळे.

दुसरी सूचना नेमकी उलटी. बिशपला पूर्ण अधिकार द्या, म्हणजे तो भराभर विलीनीकरण करील. स्वीडनमध्ये मंडळ्यांच्या सीमा बिशपक्षेत्राचे मंडळ ठरवते, आणि २००० सालच्या सुमारास तिथे अडीच हजारांच्या आसपास असलेल्या मंडळ्या आता तेराशेच्या आसपास उरल्या आहेत. कारभार सुटसुटीत झाला, सभासदांची घट थांबली नाही. तरीही स्वीडनला हे जमते, कारण तिथे सभासदशुल्क करासोबत सरकार गोळा करते. अमेरिकेत विलीनीकरण लादले तर लोक नव्या चर्चला जाणारच नाहीत आणि दानही देणार नाहीत. बाहेर पडायची वाटही घटनेत आहे. किमान ९० दिवसांच्या अंतराने दोन सभा, दोन्हींत दोन तृतीयांश मते आणि मधे बिशपशी विचारविनिमय. ज्याची तिजोरी लोकांच्या खुशीवर चालते, त्याने हुकमाची भाषा करणे हिशेबातही बसत नाही.

अर्थात बिशपच्या बाजूला काहीच अधिकार नाही असे नाही. सभासद इतके कमी झाले की मंडळीचे काम चालणे अशक्य झाले किंवा मालमत्ता धोक्यात आली, तर सिनडचे कार्यकारी मंडळ ताबा घेऊ शकते. मंडळीला सिनडच्या सभेकडे दाद मागता येते. मंडळीने स्वतः विसर्जनाचा निर्णय घेतला, तर उरलेली मालमत्ता सिनडकडे जाते आणि बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या नोंदवह्या सिनडमार्फत अभिलेखागारात ठेवल्या जातात. शेवटच्या उपासनेसाठी स्वतंत्र विधी आहे. बिशप स्वतः येतो, आणि यावे असेच अपेक्षित असते. दफनभूमी बहुधा वेगळ्या समितीकडे सोपवली जाते, कारण चर्च बंद झाले तरी तिथे कोणाचे आजोबा असतात आणि गवत कापावे लागते. इमारत विकून आलेल्या पैशाचे काय होते यावर मात्र लोकांचे बारीक लक्ष असते. तो सिनडच्या तुटीत जिरला तर शेजारच्या मंडळ्यांचा विश्वास उडतो. जवळच्या शहरात नव्याने आलेल्या स्थलांतरितांची मंडळी त्यावर उभी राहिली, तर पुढच्या मंडळीला आपला निर्णय वेळेत घेण्याचे बळ येते.

संघटनेच्या एकूण रचनेचाच पुनर्विचार व्हावा असा ठराव २०२२ च्या कोलंबस अधिवेशनाने केला आणि त्यासाठी आयोग नेमला. २०२५ मध्ये फीनिक्सच्या अधिवेशनाने अध्यक्ष बिशप म्हणून येहीएल करी यांची निवड केली. शिकागो महानगर सिनडचे बिशप राहिलेले करी हे या पदावरचे पहिले कृष्णवर्णीय. सिनडांची संख्या, आकार, कर्मचारी यांवर पुढची काही वर्षे वाद होत राहतील. त्या वादात सिनडच्या वार्षिक अहवालाचे पहिले पान बदलावे, अशी माझी सूचना आहे. तिथे सभासदसंख्या आणि उत्पन्न यांचे उतरते आलेख देण्याची गरज नाही, ते सगळ्यांना माहीत आहेत. पाळक नसलेल्या मंडळीला सरासरी किती महिने थांबावे लागले, बिशपने वर्षभरात किती मंडळ्यांना प्रत्यक्ष भेट दिली, किती सभासदांना सेवेचे प्रशिक्षण मिळाले, आणि बंद झालेल्या चर्चच्या पैशातून काय उभे राहिले, हे तिथे द्यावे. मतदार सहा वर्षांनी कोऱ्या मतपत्रिकेवर नाव लिहायला बसतील तेव्हा त्यांच्यासमोर हे चार आकडे असावेत.